गप्प राहिलेला पहारेकरी

पावसाळ्यांत विरारहून चर्चगेटकडे निघालेली लोकल वसई रोडच्या अलीकडे मध्येंच उभी राहिली, कीं डब्यांतील मंडळी घड्याळाकडे पाहून म्हणतात, "सिग्नल बिघडला वाटतें!" १० जुलै २०१८ सारख्या दिवशीं नालासोपाऱ्यास रूळच पाण्याखालीं गेले आणि वसई व विरार यांमधील वाहतूक बंद पडली, तेव्हां सिग्नलला बोल लावण्याचें कारणच नव्हतें. परंतु एरवीं नुसत्या ओलाव्यानें गाडी अडली, तर सारा दोष त्या तांबड्या दिव्याच्या माथीं येतो. वस्तुतः अशा वेळीं दिव्यानें आपलें काम चोख बजावलेलें असतें.

या दिव्यामागील युक्ति विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थानें १८७२ सालीं शोधून काढली. रुळांच्या एका तुकड्यांतून विजेचा अगदीं क्षीण प्रवाह सतत वाहता ठेवावयाचा. त्याच्या जोरावर रिले नांवाचें एक लहानसें यंत्र उचललेलें राहतें, आणि तें उचललेलें असेल तोंवरच हिरवा दिवा लागूं शकतो. गाडीचीं चाकें त्या तुकड्यावर आलीं, कीं प्रवाह त्यांच्या आंसांतूनच परततो, रिले खालीं पडतें आणि दिवा तांबडा होतो. पण तार तुटली, बॅटरी संपली किंवा खडींत पाणी साचून प्रवाह झिरपून गेला, तरीही रिले पडतेंच. म्हणजे निरोप येत आहे तोंवर मार्ग मोकळा. निरोप थांबला, कीं धोका आहे असेंच धरून चालावयाचें.

आतां हेंच तत्त्व दुसऱ्या एका पहारेकऱ्यास लावून पाहण्यासारखें आहे. बँकेचें खातें, घरपट्टीची पावती, रुग्णालयांतील रोग्याची नोंद हें सर्व आज सर्व्हर नांवाच्या संगणकांवर असतें, आणि हे सर्व्हर बहुधा कोठें तरी दूर, कुलूपबंद खोलींत असतात. त्यांच्यापाशीं रात्रंदिवस माणूस बसवितां येत नाहीं. म्हणून प्रत्येक सर्व्हरमध्यें एक छोटासा कार्यक्रम ठेवतात. त्यास एजंट म्हणतात. स्मृति किती भरली, डिस्कवर जागा किती उरली, यंत्रावर भार किती पडला, हें तो ठराविक वेळानें मध्यवर्ती ठाण्यास कळवितो. डिस्क भरत आली, कीं ठाण्यावर इशारा होतो व जागरणावर असलेला तंत्रज्ञ धांवतो.

सर्व्हरवर एजंट लक्ष ठेवतो हें खरें. पण एजंटच आजारी पडला तर? येथेंच खरी मेख आहे. मेलेला एजंट तक्रार करीत नाहीं. ठाण्याच्या पडद्यावर त्याचा शेवटचा निरोप तसाच राहतो, आणि तो निरोप "सर्व ठीक" असा असेल, तर हिरवा ठिपका कित्येक तास हिरवाच दिसूं शकतो. शून्य तक्रारी आणि शून्य निरोप या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, परंतु निष्काळजीपणें मांडलेल्या पडद्यावर त्या सारख्याच दिसतात.

म्हणून शहाण्या व्यवस्थेंत एजंटाकडून बातमीखेरीज नुसती नाडीही मागतात. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजर या व्यवस्थेंत ही नाडी साधारणतः दर ६० सेकंदांनीं येते. ओळीनें तीन ठोके चुकले, कीं ठाणें त्या सर्व्हरला स्वतः हांक मारतें. हांकेस ओ आली, तर यंत्र जिवंत असून एजंट बिघडला असावा. ओ आली नाहीं, तर यंत्र तरी बंद आहे किंवा वाट तरी तुटली आहे.

यंत्र जागें असून एजंट मात्र मुका, अशा वेळीं कोणासही प्रथम सुचतो तो उपाय म्हणजे एजंट बंद करून पुन्हां चालूं करणें. पुष्कळदा गुणही येतो. परंतु त्या घाईंत रोगाचें निदान हातचें जातें. म्हणून आधीं एजंटाची नोंदवही, म्हणजे लॉग, बाजूस काढून ठेवावी. कारणें बहुतेक ठरलेलींच असतात. सर्वांत विलक्षण कारण म्हणजे डिस्क पूर्ण भरणें: ज्या संकटाची वर्दी द्यावयाची, त्याच संकटांत वर्दी देणारा गुदमरतो, कारण त्यास स्वतःची नोंद लिहावयासही जागा उरत नाहीं. कधीं एजंटाच्या ओळखपत्राची मुदत संपलेली असते. कधीं मुदत शिल्लक असूनही यंत्राचें घड्याळ चुकल्यामुळें ठाणें तें पत्र नाकारतें. कोणी फायरवॉल कडक करतांना नेमकें निरोपाचेंच दार बंद करतो. झॅबिक्स या व्यवस्थेंत हीं दारें बहुधा १०,०५० आणि १०,०५१ क्रमांकांचीं असतात. आणि एका सर्व्हरची हुबेहूब नक्कल करून दुसरा उभा केला, तर दोन एजंट एकाच नांवानें बोलूं लागतात; मग कोण बोलला, याचा ठाण्यास उलगडाच होत नाहीं.

दुरुस्ती झाली असें केव्हां म्हणावें, याचा धडा १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंत मिळाला. ओहायो राज्यांतील फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत दुपारीं सव्वादोनच्या सुमारास धोक्याचे इशारे देणारी संगणकव्यवस्था निमूटपणें थांबली. पडदे चालूं होते, तक्रार एकही नव्हती. पुढें सर्व्हरही कोलमडले. तंत्रज्ञांनीं तीन वाजून आठ मिनिटांनीं मुख्य सर्व्हर पुन्हां चालूं केला. तो चालूं झाला, यांतच त्यांस समाधान वाटलें; इशारे येऊं लागले कीं नाहीं, हें नियंत्रणकक्षांत जाऊन कोणी विचारलें नाहीं. त्याच सुमारास वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक वाहिन्या बंद पडत होत्या. शेजारच्या कंपन्यांचे दूरध्वनी येत होते, पण कक्षांतील लोकांचा भरवसा आपल्या शांत पडद्यांवर! चार वाजून गेल्यावर अमेरिका व कॅनडा मिळून सुमारें पांच कोटि लोक अंधारांत गेले.

पहारेकऱ्याच्या हातीं अधिकार किती द्यावा, हाही प्रश्न आहेच. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या संरक्षक एजंटास पाठविलेल्या एका सदोष फायलीनें जगभर सुमारें ८५ लाख संगणक बंद पाडले, आणि भारतांतील विमानतळांवर कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. दुरुस्तीचें औषध सर्व यंत्रांना एकदम न पाजतां आधीं चारदोघांना देऊन पाहण्याची चाल त्यानंतर अधिक कसोशीनें पाळली जाऊं लागली.

एजंटाची नाडी ठाणें पाहतें. ठाण्याची कोणी पहावी? याचें उत्तर मोटरमनच्या केबिनमध्यें आहे. लोकल चालवितांना त्यास एक मूठ दाबून धरावी लागते. त्यास भोवळ येऊन हात सुटला, कीं ब्रेक आपोआप लागतात. तिला डेड मॅन्स हॅण्डल म्हणतात. संगणकवाल्यांनीं ही कल्पना जवळजवळ नांवासकट उचलली. मुख्य ठाण्यानें कांहीं बिघाड नसतांनाही एक इशारा अखंड देत रहावयाचें, आणि दुसऱ्या जागीं, दुसऱ्या विजेवर चालणाऱ्या यंत्रानें तो ऐकत बसावयाचें. हा इशारा येत आहे तोंवर तंत्रज्ञास कोणी उठवीत नाहीं. तो बंद पडला, कीं मध्यरात्रींही त्याचा फोन वाजतो.