पारंपरिक कट्यारी व खंजिरांची ओळख आणि कालनिश्चिती : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठवाड्यातील जुन्या वाड्यांमधून दसऱ्याच्या शस्त्रपूजनासाठी कट्यार, खंजीर किंवा बिचवा आजही बाहेर काढला जातो. त्याला 'शिवकालीन' वा 'निजामकालीन' म्हटले जाते. मात्र त्यामागे बहुधा कौटुंबिक स्मृतीचाच आधार असतो. डोंगरकडा (ता. कळमनुरी) परिसरासारख्या ग्रामीण भागात स्थानिक इतिहासाची साधने गोळा करताना ही शस्त्रे अभ्यासकांसमोर येतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या ओळखीच्या व कालनिश्चितीच्या कसोट्यांचा विचार केला आहे.

आकारावरून ओळख :
कट्यारीची मूठ दोन समांतर पट्ट्यांमधील आडव्या दांड्यांची असते. ती मुठीत धरून सरळ भोसकता येते. बिचव्याचे पाते विंचवाच्या नांगीप्रमाणे दुहेरी वळणाचे असते. जंबिया मूळचा अरबी असून त्याचे रुंद, वाकडे पाते दुधारी असते व मध्यभागी उंच शीर असते. निजामाच्या सेवेतील अरब शिपायांमुळे तो हैदराबाद संस्थानात रुजला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खडकी वसविणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) मूळचा इथिओपियाचा होता. परंतु दख्खनमध्ये हबशी सरदार होते, एवढ्यावरून एखादा खंजीर आफ्रिकी ठरत नाही. ईशान्य आफ्रिकेतील बेजा जमातीच्या खंजिराची लाकडी मूठ इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखी असते. सुदानमधील काही खंजीर चामडी म्यानासह दंडावर बांधले जातात. असे प्रत्यक्ष पुरावेच निर्णायक मानावेत.

कालनिश्चिती :
पाते, मूठ व म्यान यांचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा, कारण जुन्या पात्याला नवी मूठ बसविण्याची प्रथा सर्वत्र होती. तंजावरच्या अनेक कट्यारींना युरोपीय पाती जोडलेली आढळतात. पात्यावरील लहरी नक्षी मुशीतील पोलादाची खूण असते. निजामाबादजवळील कोनसमुद्रम् हे अशा पोलादाचे प्रसिद्ध केंद्र होते. मात्र आम्लाने उमटविलेली कृत्रिम नक्षीही आढळते, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. अतिशय अलंकृत व वापराच्या खुणा नसलेले शस्त्र एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनासाठी वा विक्रीसाठी घडविलेले असण्याचीही शक्यता तपासावी.

परंपरा आणि पुरावा :
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शित झाली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला मिळाल्याचे पेटीवरील लेखातून कळते. तथापि १६५९ च्या अफझलखान वधातील वाघनखे हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालयानेच नमूद केले आहे. यामुळे वस्तूचे मोल कमी होत नाही; परंपरा व पुरावा यांतील अंतर मात्र स्पष्ट होते.

समारोप :
पूजेपूर्वी राख, चिंच वा लिंबाने घासल्यामुळे गंजाबरोबर नक्षी, अक्षरे व मुलाम्याचे अवशेषही नष्ट होतात. म्हणून शस्त्र घासण्यापूर्वी छायाचित्रे, मोजमापे, वजन व मालकाने सांगितलेली हकीकत यांची नोंद करावी. हकीकत 'सांगितलेली' म्हणूनच लिहावी, 'सिद्ध' म्हणून नव्हे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, याचीही जाणीव मालकास करून द्यावी. काळ निश्चित न झाल्यास 'अनिश्चित' अशी नोंद करणे हेच शास्त्रीय ठरते; कारण आजची चुकीची नोंद उद्याच्या संशोधकासाठी 'साधन' बनते.