पार्ल्यातला जुना फ्लॅट घेताना

विलेपार्ले पूर्वेत एकाच गल्लीत आज तीन काळ शेजारी उभे दिसतात: साठ-सत्तरच्या दशकातली तीनमजली सोसायटी, हिरव्या जाळीत गुंडाळलेले बांधकाम आणि पार्किंगच्या मजल्यांवर चढवलेली नवी कोरी इमारत. जुन्या सोसायटीतले घर विकायला निघाले की एजंट पहिल्याच भेटीत सांगतो, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे." किंमत या एका वाक्यावर चढते आणि माणसे आयुष्याची पुंजी त्यावर लावतात. जुने घर घेऊ नये असे मी मुळीच म्हणणार नाही. पार्ल्याची झाडी, टिळक मंदिर, स्टेशनची जवळीक, माणसांचा शेजार यांना मोल आहेच. पण जे घर पुढची दहा-पंधरा वर्षे आहे तसेच राहिले तरी चालेल, तेच घ्यावे. पुनर्विकासाच्या आशेला वेगळे पैसे मोजू नयेत.

"तीस वर्षे झाली, आता इमारत पडणारच"

तीस वर्षांचा आकडा मुंबई महापालिकेच्या कायद्यातून, कलम ३५३-ब मधून आला आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, एवढेच ते कलम सांगते. पुनर्विकासाचा हक्क त्यातून मिळत नाही. त्याचा निर्णय सोसायटीलाच घ्यावा लागतो आणि त्याची रीत सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात आहे: प्रकल्प सल्लागार, व्यवहार्यता अहवाल, निविदा, मग विकासक निवडण्याची सभा. त्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत दोघे परदेशी, एकाच्या घराचा वारसांमध्ये वाद आणि एक आजी काही केल्या हलायला तयार नाही, एवढ्यावरही वर्षे निघून जातात.

पार्ल्यात याहून मोठी अडचण डोक्यावर आहे. विमानतळाला लागून असल्यामुळे इथे इमारतीच्या उंचीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते. विमाने उतरण्या-चढण्याच्या पट्ट्यात, ज्याला सगळे 'फनेल झोन' म्हणतात, कागदावर एफएसआय, म्हणजे बांधकामाला मंजूर चटईक्षेत्र, शिल्लक असला तरी तो वापरायला वर जागाच नसते. वर मजले चढले नाहीत तर विकासकाला विकायला घरे उरत नाहीत, आणि विकायला घरे नसतील तर तो जुन्या सभासदांना मोफत घर कशाच्या जोरावर देणार? पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्या याच गणितावर अडल्या आहेत. धावपट्टीपासूनचे अंतर आणि दिशा यांवर उंची ठरते. म्हणून "शेजारची झाली, मग आपलीही होईल" हा हिशेब इथे फसू शकतो. भूखंडाचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांनीही उत्तर बदलते.

तेव्हा एजंटला न विचारता सोसायटीच्या सचिवांना विचारावे: व्यवहार्यता अहवाल झाला आहे का? उंचीची परवानगी किती मीटरची? मागच्या तीन वर्षांची सभेची इतिवृत्ते दाखवाल का? बिल्डरने दिलेले ऑफर लेटर, सभेचा ठराव आणि नोंदणी झालेला विकसन करार या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाजारात मात्र तिन्हींना सर्रास "रिडेव्हलपमेंट फायनल" म्हटले जाते.

"चाळीस टक्के जादा जागा मिळतेच"

असा कुठलाही कायदा नाही. मुंबईच्या विकास नियमावलीत (डीसीपीआर २०३४) नियम ३३(७)(ब) खाली जुन्या सोसायट्यांना प्रोत्साहनपर चटईक्षेत्र मिळते: दर सदनिकेमागे १० चौरस मीटर किंवा मूळ बांधकामाच्या १५ टक्के, यांतले जे जास्त असेल ते. सभासदाच्या हाती प्रत्यक्षात काय पडेल ते प्रकल्पाच्या नफ्यावर आणि सोसायटीच्या घासाघिशीवर ठरते. आणि टक्के कशावर मोजणार? जुन्या करारांत बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले असते, मागाहून बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नसते. घर बघायला जाताना टेप घेऊन जा, आतून मोजा आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहा. विकासकाबरोबर पुढे होणाऱ्या वाटाघाटीत याच आकड्यावरून भांडण होते.

"आतून चकाचक आहे, बिल्डिंग मजबूत आहे"

नवा रंग आणि पीओपीचे छत यांवर विसंबू नका. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत जाते, त्याचा अल्कली गुण उतरतो आणि सळईवरचे संरक्षण जाते. सळई गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. बीम-कॉलमवर सळईच्या रेषेत जाणारे लांब तडे, छताचा सुटलेला पोपडा, संडास-बाथरूमखालच्या स्लॅबची ओल, गच्चीवरच्या टाकीखालचे खांब हे सगळे डोळ्यांना दिसते. खोट्या छतामागे काय आहे ते मात्र दाखवायला सांगावे लागते. ऑडिट अहवालात इमारतीचा वर्ग असतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे कमी-अधिक मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. दुरुस्तीचा ठराव झाला असेल तर तुमच्या वाट्याला येणारी वर्गणी किती आणि ती विक्रेता भरणार की तुम्ही, हे करारातच लिहून घ्या. बँकही कर्जाची मुदत ठरवताना इमारतीचे उरलेले आयुष्य पाहते. त्यामुळे वीस वर्षांचा हप्ता मनात धरून व्यवहार ठरवला आणि बँकेने दहाच वर्षे दिली, असे होऊ शकते.

"सोसायटी नोंदणीकृत आहे, म्हणजे जमीन तिचीच"

नाही. सोसायटीची नोंदणी आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याने ते करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले, तरी असंख्य जुन्या सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव आहे का, ते स्वतः पाहा. नसेल, तर एजंटाच्या पुनर्विकासाच्या गप्पांना फार अर्थ नाही.

"शेअर सर्टिफिकेट आहे, कागद पूर्ण"

शेअर सर्टिफिकेट सभासदत्व दाखवते. मालकी सिद्ध होते ती पहिल्या करारापासून आजपर्यंतच्या अखंड साखळीने. मधला एखादा करार हरवलेला असेल किंवा त्यावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नसेल, तर आज थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंडाचा प्रश्न उभा राहतो. १० डिसेंबर १९८५ च्या आधीच्या करारांचा हिशेब वेगळा, तो वकिलाकडूनच समजून घ्यावा. सगळ्यांत जास्त घोळ नामनिर्देशनाचा. वडील गेल्यावर मुलाचे नाव सर्टिफिकेटवर चढले, म्हणजे तो एकटा मालक झाला असे नव्हे. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार कायदेशीर वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र नसेल तर थांबा. पार्ल्यातल्या जुन्या सोसायट्यांत घरे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीकडे गेली आहेत, म्हणून हे इथे विशेष जपायला हवे.

पार्किंग फ्लॅटसोबत विकत मिळते, हाही गैरसमजच. स्टिल्टखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. वाटप सोसायटी करते. आणखी एक: घर तुमच्या नावावर करताना मुंबईत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, मग ते 'देणगी' म्हणून मागितले तरीही.

टोकनची रक्कम देण्याआधी त्याच्या पावतीवर एक अट लिहून घ्या: मालकी हक्काच्या शोधात दोष निघाला, किंवा कन्व्हेयन्स, ऑडिट आणि वारसांबद्दल विक्रेत्याने सांगितलेले खोटे ठरले, तर पैसे पूर्ण परत. ज्याचे कागद स्वच्छ आहेत, तो यावर सही करायला खळखळ करत नाही.