आरोप झाला म्हणून घरात बसू नका

आजचा विषय जरा अवघड आहे, पण बोलायला पाहिजे.

आमच्या गटातली एक ताई खाजगी शाळेत कारकून होती, कायम नोकरीत. फीच्या पैशात तूट निघाली आणि संशय तिच्यावर गेला. "उद्यापासून येऊ नका," एवढंच तोंडी सांगितलं. लाजेनं ताई घरात बसली, गटाच्या बैठकीलाही येईना. आम्हाला कळलं तोवर दोन महिने गेले होते.

पैसे कोणी घेतले, ते मी सांगू शकत नाही. ते चौकशीत ठरायचं. पण चौकशीच झाली नाही, हा अन्याय.

खाजगी शाळांतल्या शिक्षक, कारकून, शिपाई अशा कर्मचाऱ्यांसाठी राज्यात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम कर्मचाऱ्यावरचे आरोप लेखी द्यावे लागतात. तीन जणांची चौकशी समिती बसते, त्यातला एक सदस्य कर्मचारी निवडतो. चौकशीपुरतं निलंबन होऊ शकतं, ती शिक्षा नव्हे. त्या काळात आधी साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. रागात राजीनामा देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. कामावर येऊ देत नसतील तर लगेच रजिस्टर पोस्टानं कळवा आणि पावती जपून ठेवा. चौकशीला बोलावलं तर जाच, नाहीतर ती एकतर्फी होते. नोकरीवरून काढल्याचा आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करा. उशीर झाला असेल तर सबळ कारण लिहून द्यावं लागतं.

औरंगाबादच्या एका शिक्षिकेला संस्थेनं असंच काढलं होतं. ती लढली. १२ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तिला मधल्या काळाचा पूर्ण पगार देवविला. त्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती, हे मात्र अर्जात सांगावं लागतं.

जिल्हा परिषद शाळांचे नियम वेगळे आहेत. खिचडी शिजवणाऱ्या बायांना मानधन असतं, त्यांना हा कायदा लागत नाही. पण लेखी कळवणं आणि पावती ठेवणं त्यांच्याही कामाचं आहे.

वकिलाच्या पैशाची चिंता नको. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

सेमाडोहवरून अमरावती म्हणजे आख्खा दिवस जातो. आमची ताई निघाली तेव्हा गटातल्या दोघी सोबत गेल्या. तुमच्या गटात अशी कोणी बैठकीला यायची थांबली असेल, तर आज तिच्या घरी जाऊन या.