घरातला वूफर आणि भिंतीपलीकडची झोप

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर आमच्या घरात वूफर आला. दोन छोटे स्पीकर आणि एक मोठा चौकोनी डबा, दुकानात ज्याला 'टू पॉइंट वन' म्हणतात तो. थोरल्याने पहिल्या पगारातून घेतलेला, त्यामुळे कौतुक होतं. सकाळी वंदना झाली की भीमगीतं लागायची ती दुपारपर्यंत. आवाज फार मोठा नाही, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटत होतं.

महिन्याभराने कळलं की भिंतीपलीकडच्या मावशींची झोप उडाली आहे. मावशी रात्रपाळीला साफसफाईचं काम करतात. सकाळी आठला घरी येतात, नऊला अंथरुणाला पाठ टेकतात. नेमकी तीच आमच्या गाण्यांची वेळ. पण त्या कधी बोलल्या नाहीत. दवाखान्यात बीपी जास्त निघालं, डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं, तेव्हा विषय निघाला. "बाबासाहेबांची गाणी, बंद करा म्हणून कसं सांगायचं?" असं म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "गाणं तर मला ऐकूच येत नव्हतं गं. नुसतं धड धड धड."

बीपी वूफरमुळेच वाढलं असं आम्ही म्हणत नाही, त्याला दहा कारणं असतात. पण झोपेत आवाज आला की माणूस जागा झाला नाही तरी नाडी आणि रक्तदाब वर जातो, आणि रोज मोडणारी झोप अंगावर निघते, हे डॉक्टर सांगतात. मावशींच्या त्या 'धड धड'मध्ये वूफरचं सगळं शास्त्र आहे, म्हणून या वेळचं पान त्यासाठी ठेवलं आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. वूफरच्या डब्याचं काम त्यातल्या सर्वांत खालच्या टोकाचं, साधारण १२०-१५० कंपनांच्या खालचं. ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ २२ फूट लांब असते. एवढ्या लांब लाटेला चार इंची भिंत म्हणजे पडद्यासारखी. गाण्याचे शब्द, पेटी, टाळ्या भिंतीला अडतात. ढोलकीचा घुमारा तेवढा पलीकडे जातो. पत्र्याच्या घरात तर बेस सरळ गल्लीत निघून जातो. आत कमी वाटतो म्हणून आपण अजून वाढवतो.

दुसरी गोष्ट आम्हाला स्वतःलाही नवी होती. आपल्या खोल्या बहुधा दहा बाय दहाच्या. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ कंपनांचा सूर अडकून घुमतो. लांबी-रुंदी सारखी असली तर दोन्हीकडून तोच सूर घुमतो. हा घुमारा भिंतींजवळ सगळ्यांत जास्त आणि खोलीच्या मधोमध सगळ्यांत कमी असतो. म्हणजे मध्ये चटई टाकून गाणी ऐकणाऱ्याला बेस कमी वाटतो, तो उठून बटण वाढवतो. आणि भिंतीकडेला झोळीत झोपलेलं बाळ, खाटेवरची आजी यांना त्याच्या कितीतरी पट बसतो. विश्वास नसेल तर एखादं गाणं लावून मधून भिंतीपर्यंत चालत जाऊन बघा. कोपऱ्यात डोकं नेलं की फरक लगेच कळेल.

आता घ्यायचा कोणता. खोक्यावर हजारो वॅटचा आकडा आणि त्यापुढे 'पीएमपीओ' लिहिलेलं दिसेल. तो आकडा सोडून द्या, तो क्षणभराच्या जोराचा, कागदावरचा हिशोब आहे. 'आरएमएस' किती ते विचारा, सतत चालताना मिळणारी ताकद ती. साधारण स्पीकर एका वॅटवर तीन फुटांवरून ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, दहा वॅटवर ९५. मग दहा बाय दहाच्या खोलीत २०-३० वॅट आरएमएस पुरून उरतात. आतल्या पडद्याचा गोल पाच ते साडेसहा इंची असला की बस. आठ-दहा इंची डबा सभागृहाला शोभेल.

डबा उचलून बघा. लाकडी भुशाच्या फळीचा, जड आणि बोटाने ठोकल्यावर 'टक' वाजणारा असावा. पोकळ प्लास्टिकचा डबा स्वतःच थरथरतो. बेसचं बटण वेगळं हवंच. नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण पुढचं सगळं त्या बटणावर आहे. पेनड्राइव्हमध्ये आपल्या ओळखीचं गाणं घेऊन जा. दुकानदार लावतो त्या गाण्यात सगळेच वूफर भारी वाटतात. ढोलकीची प्रत्येक थाप सुटी ऐकू येते का, की सगळ्या थापा मिळून एकच 'हूंऽऽ' होतो, एवढं ऐका. डब्याला भोक असलेल्या स्वस्त वूफरांची हीच खोड असते, कुठलाही ताल द्या, एकच सूर घुमवतात.

आणि खरं सांगायचं तर वामनदादा कर्डक किंवा प्रल्हाद शिंदे ऐकायला वूफर फारसा लागतही नाही. तिथे जीव शब्दांत आणि गळ्यात आहे. बेस वाढवला की तेच आधी बुडतात.

घरी आणल्यावर आम्ही डबा कोपऱ्यात, मावशींच्या भिंतीला लावलेल्या फळीवर ठेवला होता. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. कोपऱ्यात बेस सगळ्यांत जास्त फुगतो आणि फळीमधून कंप थेट भिंतीत शिरतो. आता तो रस्त्याकडच्या भिंतीच्या साधारण मध्यावर, जमिनीवर, भिंतीपासून वीतभर पुढे आहे. खालचा बेस कुठल्या दिशेने येतो ते कानाला नीट कळत नाही, त्यामुळे डबा टीव्हीशेजारीच हवा असं काही नाही. खाली जुन्या टायरट्यूबचे चार जाड तुकडे, त्यावर एक फरशी, फरशीवर पुन्हा चार तुकडे आणि मग डबा. पोटमाळ्यावर, खाटेखाली किंवा भांड्यांच्या मांडणीजवळ ठेवू नका. मांडणी वाजायला लागली की बेस कुठला आणि ताटं कुठली कळत नाही. मोरीपासून लांब ठेवा, पिन तीन पायांची असू द्या. भोकाला बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर संसार मांडतात.

बटण लावताना बेस आधी शून्यावर. नुसत्या छोट्या स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजाइतकं गाणं लावा. मग बेस हळूहळू वाढवा, घुमारा जाणवला की थांबा आणि थोडा मागे घ्या. यानंतर एकाने शेजारच्या घरात जाऊन, भिंतीला डोकं टेकून ऐकायचं. मोबाइलवर डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर इथे भिस्त ठेवू नका. ती मोजणी बहुधा कानाच्या हिशोबाने होते आणि ५० कंपनांचा बेस त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. आकडा छान दिसतो, भिंत मात्र हलत असते.

कायद्यात वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण रात्रपाळीवाल्याची रात्र दिवसाच होते, तिथे कायदा पुरत नाही; विचारावंच लागतं. ज्या घरात तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा दहावीचं पोर आहे, तिथेही आपण होऊन जा. समोरचा स्वतः येऊन सांगेल याची वाट बघू नका, गाणी भीमाची असतील तर मुळीच नाही.

स्वतःच्या कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० चा फक्त ४ तास. गाणी बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा जवळचं बोलणं दबल्यासारखं येत असेल तर आवाज जास्त झाला समजा. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मिरवणुकीतल्या डीजेचं गणित याहून मोठं, त्यावर वेगळं लिहू.

आमच्या बटणावर आता नेलपेंटच्या दोन खुणा आहेत. लाल खूण मावशी घरात झोपलेल्या असताना, तिथे बेस जवळजवळ बंद. गुलाबी खूण त्या कामावर असताना. दोन्ही खुणा त्यांनीच त्यांच्या अंथरुणावर पडून, भिंतीवर टकटक करून ठरवून दिल्या. पुढच्या महिन्यात त्यांची पाळी बदलणार आहे, तेव्हा खुणा परत लावायच्या आहेत.