पाण्याचा भरवसा नसलेले मासे

मासळी बाजारात बर्फावर पापलेट आणि सुरमई ओळीने मांडलेली असते. थोडे पलीकडे एखाद्या टबात चार बोटे पाण्यात मरळ आणि मांगूर वळवळत असतात. सकाळी आणलेला मांगूर दुपारी गिऱ्हाईक येईपर्यंत जिवंत असतो आणि पिशवीतून घरी नेला तरी मोरीत उसळ्या मारतो. बांगडा मात्र जाळ्यातून होडीत पडला की काही मिनिटांत संपतो. दोघेही मासेच, कल्लेही दोघांना आहेत.

पाण्याबाहेर तग धरणाऱ्या माशांना जमिनीवर स्वारी करणारे वीर ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. एकेका माशाची राहणी नीट पाहिली की वेगळेच दिसते. यातल्या बहुतेकांना जमिनीची फारशी ओढ नव्हती. ते ज्या पाण्यात राहत होते ते पाणीच बेभरवशाचे होते.

हवा भरपूर, तरी गुदमरणे

एका लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. 30 अंश सेल्सियसच्या स्वच्छ गोड्या पाण्यात, एका लिटरमागे तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर विरघळतो. म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या माशाभोवती प्राणवायूची चैनच असते. तो गुदमरतो तो कल्ल्यांच्या घडणीमुळे. कल्ल्यांत रक्ताने भरलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांच्या राशी असतात आणि पाण्याच्या आधाराने त्या एकमेकींपासून सुट्या राहतात. पाणी गेले की भिजलेल्या वहीची पाने चिकटावीत तसे ते पापुद्रे एकमेकांना चिकटतात. हवेशी संबंध येणारे क्षेत्रफळ एकदम घटते आणि उरलेला भाग सुकू लागतो.

श्वास ही पहिली अडचण झाली. दुसरी म्हणजे अंगातला ओलावा उडून जाणे. तिसरीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बहुतेक मासे शरीरातला टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. भोवती पाणीच नसेल तर हे विष अंगात साठत जाते. शिवाय पाण्याने उचलून धरलेले शरीर जमिनीवर आपल्याच वजनाने दबते, ते वेगळेच.

पहाटेचे तळे

या अडचणींवर मात करणारे मासे प्रामुख्याने कुठे सापडतात ते पाहावे. खळाळत्या थंड ओढ्यात ते कमी. उष्ण प्रदेशातली डबकी, भातखाचरे, दलदली आणि शेवाळाने भरलेली तळी ही त्यांची घरे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. कुजणारा पालापाचोळा त्यातलाही खाऊन टाकतो. रात्री पाणवनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटेच्या सुमाराला अशा तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे दृश्य चांगले ठाऊक असते: उजाडायच्या आधी मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून आ वासत असतात.

हातभर वर हवेचा अमर्याद साठा असताना खालच्या पाण्यात तडफडायचे कशाला? मरळ, मांगूर, सिंगी आणि कोई या चौघांनी यावर आपापली सोय केली. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांचे अस्तर असलेल्या पोकळ्या असतात. मांगुराच्या कल्ल्यांवर झुडपासारखे फाटे फुटलेले लाल अवयव असतात. सिंगीच्या कल्ल्यांमागून दोन लांब हवापिशव्या निघून पाठीच्या स्नायूंतून शेपटीकडे जातात. कोईच्या डोक्यात हाडाच्या पातळ, वळ्या पडलेल्या पत्र्यांचा चक्रव्यूह असतो आणि त्यावर रक्ताने भरलेली नाजूक त्वचा. चौघांच्या तऱ्हा वेगळ्या, काम मात्र एकच: वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि त्यातला प्राणवायू सावकाश रक्तात उतरू द्यायचा.

बंगालमध्ये कोई, मागुर आणि शिंगी यांना 'जिओल माछ' म्हणतात. हे मासे घरी हंड्यात जिवंत ठेवायचे आणि आजारातून उठलेल्या माणसाला ताजे रांधून द्यायचे, अशी तिथली जुनी रीत आहे.

पाण्यात बुडून मरणारा मासा

या सोयीची किंमतही आहे. मांगुरासारख्या माशाने हवेतून मिळवलेला प्राणवायू रक्तातून कल्ल्यांपर्यंत पोहोचला आणि बाहेरचे पाणी प्राणवायूहीन असेल, तर तो उलटा पाण्यात निसटून जाऊ शकतो. त्यामुळे हवेवर जगणाऱ्या माशांचे कल्ले बहुधा आखूड झालेले असतात. ते पुरते नाहीसे मात्र झाले नाहीत, कारण कार्बन डायॉक्साइड पाण्यात सहज विरघळतो आणि तो बाहेर टाकायला कल्ले अजूनही सोयीचे पडतात. आत घ्यायचे हवेतून आणि टाकायचे पाण्यात, असा हा दुहेरी संसार.

कल्ले आखूड झाल्याचा परिणाम असा की मोठ्या मरळीला किंवा कोईला जाळीखाली अडकवून पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर ती पाण्यात गुदमरून मरते. ॲमेझॉन खोऱ्यातला अरापैमा हा दोन मीटरहून लांब वाढणारा मासाही असाच हवेचा बांधील आहे. दर काही मिनिटांनी त्याला वर यावेच लागते आणि तिथले मच्छीमार भाला घेऊन त्याच क्षणाची वाट पाहत असतात.

ताडावर चढलेली कोई

असे मासे जमिनीवर दिसल्याच्या नोंदी फार जुन्या आहेत. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने कोरड्यावर राहणाऱ्या माशांवर एक छोटा ग्रंथच लिहिला. नदीतून बाहेर येऊन परत पाण्यात जाणाऱ्या भारतातल्या लहान माशांचा उल्लेख त्यात आहे.

सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र कोईची. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्ककडे होते. तिथल्या डालडॉर्फ नावाच्या लेफ्टनंटने 1791 मध्ये तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर, पाण्यापासून पाच फूट उंच, एक मासा चढताना पाहिल्याचे लिहिले. 1797 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने ही हकिकत छापली आणि 'झाडावर चढणारा मासा' हे बिरूद कोईला कायमचे चिकटले. पुढे 1927 मध्ये बी. के. दास या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी हवा घेणाऱ्या माशांचा बारकाईने अभ्यास करून या कथेतली हवा बरीच कमी केली. त्यांच्या मते कावळे आणि घारी कोई पकडून झाडावर नेतात, आणि मासा चिवट असल्यामुळे तिथेही तो जिवंत सापडतो.

डालडॉर्फ खोटे बोलला असे मला वाटत नाही. कल्ल्यांच्या झाकणावरचे काटे जमिनीत रोवून आणि शेपटीने रेटा देऊन कोई खरोखरच ओल्या जमिनीवरून पुढे सरकते. तिरप्या, खरबरीत खोडावर तिने थोडी धडपड केली असेलही. झाडावर राहायला ती जात नाही, एवढे नक्की. तळे आटत आले की दुसरे पाणी गाठायचे, एवढ्यासाठी तिची पायपीट.

आपल्याकडे मिरगाच्या पहिल्या सरींत कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला चढणीचे मासे निघतात. उत्तर कोकणात त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. ओहोळांतून ते भातखाचरांत शिरतात ते अंडी घालायला. यातले सगळेच हवा घेणारे नसतात. पण बोटभर पाण्याच्या पाटातून किंवा ओल्या बांधावरून जायची वेळ आली, तर मरळ आणि वाम यांचे निभावते, बाकीचे अडकतात. रात्री बत्ती घेऊन निघालेल्यांना हे सांगायला प्राणिशास्त्रज्ञ लागत नाही.

खाजणातली निवटी

आतापर्यंतचे मासे नाइलाजाने बाहेर पडणारे. निवटीची गोष्ट निराळी. ठाण्याच्या खाडीत किंवा कोकणातल्या कुठल्याही खाजणात ओहोटी लागली की चिखलावर टुणटुणणारे, डोळे डोक्यावर आलेले मासे दिसतात, त्या या निवट्या. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातच त्यांचा संसार असतो. कोळी आणि आगरी घरांत त्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते. धरायच्या तर चिखलातल्या बिळात हात घालावा लागतो आणि ते येरागबाळ्याचे काम नाही.

निवटी कल्ल्यांच्या कोठ्यांत पाणी भरून घेते आणि ओल्या त्वचेतून व घशाच्या अस्तरातून श्वास घेते. त्वचा सुकू लागली की चिखलात लोळते. पुढच्या परांचा कुबड्यांसारखा वापर करून ती चालते. डोळे सुकू नयेत म्हणून ते खोबणीत ओढून घेते, म्हणजे चक्क पापणी मिटल्यासारखे करते. खाण्याचीही तिची युक्ती आहे. जीभ नसल्यामुळे तोंडातले पाणी पुढे ढकलून ती भक्ष्य ओलावते आणि पाण्यासकट परत ओढून घेते. 2015 मध्ये अतिवेगवान चित्रीकरणाने हे टिपले गेले. आपल्याकडची मोठी निवटी मात्र किडे-खेकड्यांच्या मागे फारशी लागत नाही. ओहोटीला चिखलावर धरलेला सूक्ष्म शेवाळाचा थर ती डोके डावी-उजवीकडे फिरवत खरवडून खाते.

खरी कमाल बिळात आहे. चिखलाच्या आतल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच; तिथे अंडी घालणे म्हणजे ती मारणेच. जपानमधल्या निवट्यांचा अभ्यास करताना असे आढळले, की नर ओहोटीच्या वेळी तोंडात हवा भरून बिळात नेतो आणि अंड्यांच्या कोठीत सोडतो. छताला चिकटलेली अंडी त्या हवेत वाढतात. पिल्ले बाहेर पडायची वेळ आली, की रात्रीच्या भरतीत नरच ती हवा तोंडाने काढून बाहेर टाकतो. कोठीत पाणी शिरते आणि अंडी फुटतात. इतके दिवस पाण्यापासून जपलेल्या अंड्यांना अखेर पाणीच द्यावे लागते.

कोरड्या मातीत चार वर्षे

आफ्रिकेतला प्रोटोप्टेरस हा फुप्फुसमासा याहून टोकाला गेलेला आहे. दलदल आटू लागली की तो तोंडाने चिखल उकरत खाली जातो, वेटोळे घालतो आणि अंगातून स्रवणाऱ्या बुळबुळीत द्रवाचा कोश स्वतःभोवती करतो. तोंडापाशी श्वासापुरती वाट ठेवतो. शरीराचे व्यवहार मंदावतात आणि स्वतःचेच स्नायू जाळून तो दिवस काढतो. अमोनियाच्या विषावर त्याचा उतारा म्हणजे युरिया. तो कमी विषारी असल्यामुळे पाऊस येईपर्यंत साठवता येतो. प्रयोगशाळेत हे मासे अशा अवस्थेत चार वर्षांपर्यंत जगले आहेत. 19व्या शतकात मातीच्या ढेकळासकट ते युरोपात गेले आणि पाण्यात ठेवताच हालचाल करू लागले. त्याचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद, क्वीन्सलँडच्या मेरी आणि बर्नेट नद्यांतला फुप्फुसमासा, कोश करत नाही; त्या नद्या सहसा पूर्ण आटत नाहीत, तेव्हा गरजही पडत नसावी.

अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावर खारफुटीतला रिव्ह्युलस हा बोटाएवढा मासा आहे. खेकड्यांच्या बिळांतल्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साचला की तो शेपटीने उडी मारून सरळ बाहेर पडतो. बेलीझ आणि फ्लोरिडात किड्यांनी पोखरलेल्या ओंडक्यांच्या आत असे मासे दाटीवाटीने राहताना आढळले आहेत. ओलाव्यात, पाण्याबाहेर, 66 दिवस जगल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. श्वास त्वचेतून, आणि अमोनियाचा काही भाग थेट वायुरूपात हवेत.

फुप्फुस आधी

फुप्फुस ही जमिनीवरच्या प्राण्यांची मिरास आहे असा आपला समज असतो. डार्विननेही 1859 मध्ये माशांच्या वाताशयापासून, म्हणजे तरंगण्यासाठीच्या हवेच्या पिशवीपासून, फुप्फुस बनले असे मांडले होते. आज क्रम उलटा मानला जातो: आधी फुप्फुस आले आणि पुढे बहुतेक माशांत त्याचेच वाताशय झाले. म्हणजे हवेचा श्वास पायांच्या कितीतरी आधीचा. कॅनडातल्या एल्समीअर बेटावर 2004 मध्ये सापडलेला, सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक हा जीवाश्मरूपी मासा उथळ पाण्यात परांवर शरीर उचलून धरत होता, तेव्हा हवा घेण्याची सोय माशांकडे केव्हाच होती.

चिवटपणाचा उपद्रव

बाजाराला चिवट मासा आवडतो, कारण तो बर्फाशिवाय लांब नेता येतो. 'थाई मांगूर' या नावाने विकला जाणारा मासा मुळात आफ्रिकेतला. घाण पाण्यातही तो वाढतो, दिसेल ते खातो आणि निसटला तर स्थानिक माशांचा फडशा पाडतो. भारतात त्याच्या पैदाशीला बंदी आहे, तरी छापे घालून तळीच्या तळी रिकामी करावी लागतात. फ्लोरिडात 1960च्या दशकात थायलंडहून आणलेला मांगूर मत्स्यशेतीतून चालत निघाला आणि तिथल्या मासेवाल्यांना आपली तळी वाचवायला कुंपणे घालावी लागली.

2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात आपल्या मरळीची चिनी बहीण सापडली; कुणीतरी जोडी आणून सोडली होती. वर्तमानपत्रांनी तिला राक्षसी मासा ठरवले, जमिनीवरून ती गावात येईल असा धसका घेतला गेला. सरकारने तळ्यात विष टाकले तेव्हा सहा मोठे मासे आणि हजाराहून जास्त पिल्ले वर आली. पुढच्या प्रयोगांत दिसले, की ही मरळ उगाच फिरायला निघत नाही. पाणी फार आम्लधर्मी, खारट किंवा कार्बन डायॉक्साइडने भरलेले झाले की ती बाहेर पडते. तोवर ती पोटोमॅक नदीत पसरलीही होती. विषाने ती आटोक्यात येण्यासारखी राहिली नाही, म्हणून आता मेरीलँड सरकार लोकांना ती खायला सांगते. गिऱ्हाइकांना नावाची किळस वाटू नये यासाठी 2024 मध्ये कायदा करून तिचे नाव 'चेसापीक चान्ना' ठेवण्यात आले आहे.