जादू थोडी, धोका फार

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे त्यातील पात्रे होतात, आणि धाडस साधले की फसले हे फासे ठरवितात. त्यात मंत्राने जखमा भरतात; प्रसंगी मेलेलाही उठतो. आमचे मत थोडे निराळे आहे. प्रत्येक संकटावर मंत्र असला की भय उरत नाही, आणि भय सरले की गोष्ट बेचव होते. मंत्र दुर्मीळ आणि मरण जवळ, असा मुलूख हवा असेल, तर आपल्या मुलांनी विलायती किल्ल्यांत कशाला शिरावे?

रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या सुमारास बिदरला होता. त्याच्या टिपणांत आळंदच्या (होय, आपल्याच आळंदच्या) गुकूक पक्ष्याची हकीकत आहे. रात्री तो ज्या घरावर बसेल तेथे माणूस दगावतो. त्याला मारू जावे तर त्याच्या मुखातून आग निघते. माकडांचा राजा सैन्य बाळगून आहे, असेही तो लिहितो. ही गोष्ट त्याला कोणी गावकऱ्याने गालातल्या गालात हसत सांगितली असावी, असा आम्हांस संशय आहे.

अद्भुत ते एवढेच. बाकीचे धोके माणसांचे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदल, नाहीतर हजार मोहरा भर, असे बजावले. खुरासानच्या एका ख्वाजाने शब्द टाकला म्हणून तो सुटला. बिदरच्या राजवाड्यास सात दरवाजे, प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. जाणाऱ्या-येणाऱ्याची नोंद व्हावयाची. रात्री कोतवालाचे स्वार मशाली घेऊन फिरत. अशा शहरात तलवार उपसणारा फार तर दुसऱ्या दरवाजापर्यंत पोहोचेल! कागदाचे भय तर वजीर महमूद गवानासही चुकले नाही. १४७२ मध्ये मदरसा उभारणाऱ्या या पुरुषाच्या नावे शत्रूंनी बनावट पत्र रचले, आणि १४८१ मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला.

दामाजीपंतांच्या कथेत पांडुरंग बिदरच्या दरबारी आला, तोही धान्याचा पैसा भरण्यापुरताच. दुष्काळ त्याने हटविला नाही. चमत्काराचे माप असे असावे.

खेळ सांगणाऱ्याने आळंदच्या वाटेवर रात्र पाडावी. छपरावर गुकूक बसला आहे, आत तापाने फणफणलेले मूल आहे. बाण सोडावा की दार ठोठवावे, हे मुलांनी आधी बोलून ठरवावे. फासे मागाहून टाकावेत.