वारशाने आलेली स्कूटर

प्रत्येक घरात काही वस्तू अशा असतात की, त्यांची उपयुक्तता संपली असे कोणी म्हणत नाही आणि त्या मोडीत काढण्याचे धैर्यही कोणाला होत नाही. आजीचा पाटा-वरवंटा, लग्नात मिळालेली व नाव घातलेली पितळेची कळशी, हाताने फिरवावयाचे शिवणयंत्र, किल्ली देऊन चालणारे भिंतीवरचे घड्याळ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वस्तूंच्या जोडीला आणखी एक वस्तू येऊन बसली. ती स्वयंपाकघरात अथवा माजघरात राहत नसे; तिची जागा अंगणात, जिन्याखाली किंवा ओट्यालगत असे. तथापि ती घराचीच वस्तू मानली जाई. ही वस्तू म्हणजे स्कूटर होय.

या स्कूटरच्या इतिहासात लखनौजवळच्या सरोजिनी नगर या वस्तीला विशेष स्थान आहे. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर ही वस्ती आहे. केंद्र सरकारच्या मालकीची ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ ही कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री सर्वस्वी नवी नव्हती. इटलीतील मिलान येथील इनोचेंती या कंपनीने १९४७ पासून ‘लँब्रेटा’ नावाची स्कूटर तयार केली होती. १९७१ च्या सुमारास तेथील उत्पादन थांबले, तेव्हा यंत्रे, साचे, आराखडे आणि नाव वापरण्याचे अधिकार भारत सरकारच्या या नव्या कंपनीने विकत घेतले. अशा रीतीने एका देशाने निरोप दिलेला कारखाना दुसऱ्या देशात नव्याने नांदू लागला. १९७५ मध्ये विक्रीसाठी उत्पादन सुरू झाले. भारतात या स्कूटरला ‘विजय सुपर’ हे नाव मिळाले. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या स्कूटरवर मात्र लँब्रेटा हेच नाव राहिले. याच कारखान्यातून ‘विक्रम’ ही तीनचाकी गाडीही निघाली. उत्तर भारतातील अनेक शहरांत तिचा एवढा प्रसार झाला की, तिचे नाव पुढे त्या प्रकारच्या वाहनाचे सामान्यनामच बनले.

लँब्रेटा भारताला त्यापूर्वीही अपरिचित नव्हती. मुंबईतील ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ या कंपनीने १९५५ च्या सुमारास तिची जुळणी सुरू केली होती. दुसरीकडे बजाज कंपनीने इटलीच्याच पियाज्जो कंपनीशी करार करून ‘व्हेस्पा’ ही स्कूटर भारतात आणली. हा करार १९७१ मध्ये संपल्यानंतर पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्यातून ‘चेतक’ बाहेर पडू लागली. साताऱ्याच्या ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ने ‘प्रिया’ ही स्कूटर तयार केली. महाराष्ट्रातील घरांत चेतक व प्रिया यांच्याविषयी जी आत्मीयता आढळते, तीच उत्तर प्रदेशातील अनेक घरांत विजय सुपरविषयी आढळते.

एक यंत्र घरातील माणसांच्या मनात एवढे खोल का रुजले, हे समजून घेण्यासाठी त्या काळातील टंचाईचा विचार करावा लागतो. स्कूटरचे वाटप व विक्री यांवर १९६० च्या एका आदेशान्वये सरकारी नियंत्रण होते. कारखान्यांची उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली होती, मागणी मात्र सतत वाढत होती. परिणामी ज्याला स्कूटर हवी असेल, त्याने अनामत रक्कम भरून नाव नोंदवावे आणि वाट पाहावी, अशी रीत पडली. बजाजच्या स्कूटरसाठी कित्येकांना आठ-दहा वर्षे थांबावे लागे. मुलीच्या जन्मानंतर नोंदविलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर दारात यावी, हे त्या काळी नवलाचे नव्हते. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेली वस्तू केवळ वाहन राहत नाही. तिच्या आगमनाचा दिवस, तिला घातलेला झेंडूचा हार, तिच्यापुढे फोडलेला नारळ आणि शेजाऱ्यांना वाटलेले पेढे हे सर्व त्या घराच्या इतिहासात नोंदले जाते.

स्कूटरची रचनाही कुटुंबाच्या गरजांना अनुकूल होती. पुढील बाजूस सपाट पाऊलफळी असल्यामुळे तेथे लहान मूल उभे राहू शके, धान्याची पिशवी ठेवता येई, प्रसंगी गॅसचे सिलिंडरही नेता येई. पायांपुढील पत्र्यामुळे चिखल कपड्यांवर उडत नसे. साडी नेसलेली स्त्री एका बाजूस पाय सोडून मागे बसू शके. अशा रीतीने आई, वडील व दोन मुले एकाच वाहनावरून सणासमारंभाला जात. सुरक्षिततेच्या आजच्या कल्पनेत हे बसणारे नाही, आणि आजच्या कायद्यालाही ते मान्य नाही. परंतु त्या पिढीच्या आठवणींत हेच चित्र ठळक आहे. पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडावर येणारा वारा, हँडलच्या मधोमध थरथरणारा वेगदर्शक काटा आणि मागे वडिलांच्या छातीचा आधार या गोष्टी वार्धक्यातही विसरल्या जात नाहीत.

विजय सुपर व चेतक या दोन घराण्यांच्या बांधणीत एक मूलभूत भेद होता. चेतकचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा असून इंजिन मागील चाकाजवळ उजव्या बाजूस असे. लँब्रेटाच्या वंशातील स्कूटरला पोलादी नळीचा स्वतंत्र सांगाडा असे आणि इंजिन मध्यभागी बसविलेले असे. दोन्ही बाजूंचे पत्रे काढले की यंत्र उघडे होई. दोघींचे इंजिन मात्र दोन धक्क्यांचे, म्हणजे ‘टू-स्ट्रोक’ जातीचे होते. अशा इंजिनात वंगणाची सोय वेगळी नसून पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे. ते तेल पेट्रोलबरोबर जळे आणि निळसर धूर निघे. या इंजिनात हलणारे भाग थोडे असल्याने ते घरच्या घरी दुरुस्त करता येई. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, कार्बोरेटर स्वच्छ करणे, तुटलेली क्लचची केबल बदलणे ही कामे वडील करीत आणि मुलगा हातात पाना धरून शेजारी बसे. थंडीच्या दिवसांत स्कूटर एका अंगावर तिरकी करून मगच किक मारावी, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नव्हते. तिरके केल्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून येते, हे कारण पुष्कळांना ठाऊकही नसे. जात्याला टाकी लावण्याचे किंवा भांड्याला कल्हई करण्याचे ज्ञान ज्याप्रमाणे पाहून पाहून उतरते, त्याचप्रमाणे हेही उतरले.

पुढे काळ बदलला. १९८५ मध्ये कमी पेट्रोल लागणारी चार धक्क्यांची मोटारसायकल बाजारात आली. धुरासंबंधीचे नियम १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये कडक झाले. सरोजिनी नगरच्या कारखान्यातील स्कूटरचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. तीनचाकी गाड्या त्यानंतरही निघत राहिल्या. २००५ च्या अखेरीस बजाजनेही गिअरची चेतक बंद केली. हे नाव २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आले. अखेर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना बंद झाला तरी त्यातून निघालेल्या काही स्कूटर आजही चालू आहेत.

अशी स्कूटर चालू ठेवणे सोपे नाही. सुटे भाग जुन्या बाजारातून शोधावे लागतात. हे इंजिन जाणणारे कारागीर वृद्ध होत आहेत. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्याने जुन्या वाहनांतील काही रबरी भाग बदलून घेणे आवश्यक ठरू शकते. यांहून कठीण प्रश्न कागदपत्रांचा असतो. ज्यांच्या नावावर स्कूटर आहे, त्यांचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत ती आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा, असा नियम आहे. हे काम पुष्कळ घरांत लांबणीवर पडते. त्यामागे केवळ आळस असतो असे नाही. नोंदणी-पुस्तकातील वडिलांचे नाव खोडले जाऊन तेथे आपले नाव यावे, हेच मुलाला नकोसे वाटते. परंतु नाव न बदलल्यास विमा व नोंदणीचे नूतनीकरण यांत अडथळा येतो, आणि अपघात झाल्यास सारी जबाबदारी गुंतागुंतीची होते. ज्या भावनेपोटी वस्तू जपावयाची, तीच भावना ती वस्तू दारात अडकवून ठेवते.

दुसरा प्रश्न वयाचा आहे. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला; मात्र त्याच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून असे वाहन नित्याच्या रहदारीत वापरता येत नाही. प्रदर्शनात किंवा मिरवणुकीत ते नेता येते. १९७५ मध्ये सरोजिनी नगरहून निघालेल्या पहिल्या विजय सुपर आता या वयाला पोहोचल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे त्यामुळे एक निवड उभी राहते. स्कूटर संग्रहातील वस्तू करावी, की दर पाच वर्षांनी तपासणीला उभी करून बाजारहाटासाठी वापरीत राहावी?

या प्रश्नाचे उत्तर घरोघर वेगळे असणार. परंतु घरातील जुन्या वस्तूंविषयी एक गोष्ट सर्वत्र अनुभवास येते. पाट्यावर चटणी वाटली जाते तोवर आजीच्या हाताची चव निघते. पाटा अडगळीत गेला की तो विषयही हळूहळू मागे पडतो. स्कूटरचेही तसेच आहे. आच्छादनाखाली उभी असलेली स्कूटर पाहुण्यांना दाखविता येते. परंतु सकाळी ती तिरकी करून किक मारणाऱ्या नातवाला, आपण हे कोणाकडून शिकलो, याची आठवण त्या क्षणी कोणी करून द्यावी लागत नाही.